एकशे अठ्ठेचाळिसावी लिंक

"हे पान काढा," साहेब म्हणाले. "फक्त दोनशे बारा ठेवा. दोनशे तेरा कशाला जोडलंत?"

लिंकबाईंनी माऊसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते पगाराच्या चिठ्ठीपुरतं. वकिलांच्या त्या ऑफिसात सगळे त्यांना लिंकबाईच म्हणायचे. लेखी युक्तिवाद तयार झाला की त्यांच्या टेबलावर यायचा. प्रत्येक मुद्द्यापुढे पुराव्याच्या पानाचा आकडा असायचा, त्याला त्या लिंक जोडायच्या. आकडा निळा व्हायचा. न्यायाधीशांनी त्यावर बोट टेकवलं की पान समोर हजर. आजच्या युक्तिवादात अशा एकशे अठ्ठेचाळीस लिंका होत्या. पाचच्या आत दाखल करायचा होता आणि चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

एकशे सत्तेचाळीस झाल्या होत्या. घोडं अडलं होतं शेवटच्या एकीवर.

"राजीनाम्यावरची सही आपलीच असल्याचं या बाईने स्वतः कबूल केलं आहे," असं साहेबांनी एकतिसाव्या परिच्छेदात लिहिलं होतं. पान दोनशे बारा. लिहिलं होतं ते खरंच होतं. साहेब ज्याची बाजू लढवत होते त्या खोक्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं राबलेल्या त्या बाईची उलटतपासणी त्या पानावर होती, आणि पानाच्या अगदी तळाशी तिचं उत्तर होतं: "हो, सही माझीच आहे."

दोनशे तेराची पहिलीच ओळ होती: "पण सही घेतली तेव्हा कागद कोरा होता."

दुसरं कोणी असतं तर आकडा बघून लिंक जोडून मोकळं झालं असतं. लिंकबाईंची खोड निराळी. दोन ओळी वरच्या आणि दोन ओळी खालच्या वाचल्याशिवाय त्यांचा हात पुढे जायचा नाही. ही खोड लावली साहेबांच्याच वडिलांनी, गठ्ठ्यांना रंगीत चिकटपट्ट्या लावायच्या दिवसांत. म्हातारा गेला, पट्ट्या गेल्या, खोड तेवढी राहिली.

"साहेब, पुढचं पान काढलं तर हे खोटं ठरतं."

"खोटं कसं? सही माझी, असं ती म्हणाली ना? तेवढंच लिहिलंय मी. पुढचं दाखवणं तिच्या वकिलाचं काम."

"तिला वकील कुठाय? गेल्या तारखेला पाहिली मी. कापडी पिशवी पोटाशी धरून एकटीच उभी होती."

"मग तो आपला प्रश्न नाही. आणि कोण वाचणार आहे दोनशे तेरा?"

"मी वाचलं ना."

साहेबांना हसूच आलं. "ताई, तुम्ही लिंका जोडता."

बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. घरी खाणारी तोंडं चार आणि मिळवणारं माणूस एक. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे त्यांनीच लेकीला शंभरदा बजावलेलं. आणि मासा तरी कोण? लहानपणी याच टेबलाखाली बसून चिकटपट्ट्या नाकाला लावून घेणारा! भीती वाटत होती, नाही असं नाही. पण संताप भीतीच्या वरताण होता.

"हे बघा, वाद घालायला वेळ नाही," साहेबांनी त्यांच्यासमोर एक कागद सरकवला. "दाखल झालं नाही तर उद्यापासून यायची तसदी घेऊ नका. आणि हा दाखला. यावर सही करून ठेवा, बाकीचं मी मागाहून भरतो."

प्रत्येक युक्तिवादासोबत हा दाखला जायचा. जोडणाऱ्याची नाहीतर वकिलाची सही लागायची. बाईंनी तो उचलला. युक्तिवादाच्या नावाची जागा रिकामी, लिंकांच्या संख्येची रिकामी, तारखेचीसुद्धा रिकामी.

"कोऱ्यावर?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"कोऱ्यावर सही घ्यायची, आणि मग म्हणायचं, सही तिचीच आहे. असंच ना?"

"ताई, आवाज खाली."

"इतकी वर्षं खालीच होता." बाई उठल्या. खुर्ची वळवून साहेबांपुढे धरली. "बसा. पान तुम्ही काढा, लिंक तुम्ही जोडा, सहीही तुमचीच करा. फक्त वर काय छापलंय ते आधी वाचा. दोन ओळीच आहेत."

साहेब तावातावाने बसले. खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि वाचू लागले. प्रत्येक लिंक मी स्वतः उघडून पाहिली आहे. मूळ पुराव्याचा अर्थ बदलेल असं काहीही वगळलेलं नाही.

समोरच्या पडद्यावर दोनशे तेरा उघडंच होतं. पेन कागदाच्या वर थांबलं. बाई टेबलाशी उभ्या होत्या, हाताची घडी घालून. चार वाजून बत्तीस मिनिटं झाली.

साहेबांनी टोपण लावलं.

"राहू दे ते पान," ते पडद्याकडे बघतच म्हणाले.

"राहिलेलंच आहे. मी काढलं कुठे होतं?"

"आणि एकतिसावा परिच्छेद?"

"तो तुम्ही लिहिलाय, तुम्हीच निस्तरा. अजून अठ्ठावीस मिनिटं आहेत."

साहेबांनी की-बोर्ड पुढे ओढला.

"इथे नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या टेबलावर. उठा, ही खुर्ची माझी आहे."