राणीचा दगड

"मागे घे. अजून मागे. त्या कुंपणापासून लांब राहायचं, किती वेळा सांगू?"

पाथरवटाचं ओरडणं ऐकून ड्रायव्हरने बस खाली नेली आणि खडी टाकलेल्या जागेत लावली. ती जागा पाथरवटाने स्वतः रोलर फिरवून चोपून घेतली होती. गाड्या येणारच असतील, तर निदान तिच्यापासून लांब उभ्या राहू देत, एवढंच त्याचं म्हणणं.

ती म्हणजे त्याची बायको. वर उतारावर तारेच्या कुंपणात तिचं थडगं होतं. त्यावरचा दगड त्यानेच घडवला होता. त्यावर नाव नव्हतं, नुसती एक वाकलेली फांदी कोरलेली होती. आपल्या नावाचा बडेजाव तिला कधीच आवडला नाही.

बसमधून उतरलेल्या माणसांनी पिशव्यांतून झगे काढून अंगावर चढवले आणि लाकडी तलवारी कमरेला खोचल्या. राजे, राक्षस आणि चेटकिणींच्या त्या लांबलचक सिनेमा-मालिकेतली राणी याच डोंगरावर मेली होती. तिच्यासाठी रडायला कुठून कुठून माणसं येत. जी बाई खरोखर मेली होती तिच्यासाठी त्यांतल्या एकानेही कधी साधं फूल आणलं नव्हतं. पाथरवटाचं डोकं त्यानेच फिरायचं.

शूटिंग झालं तेव्हा तो पाय मोडून लेकीकडे पडून होता. दगड सिनेमात दाखवू का, असं कंपनीने फोनवर विचारलं. "दाखवा, पण आहे तसा राहिला पाहिजे," असं सांगून त्याने फोन ठेवला. काठी टेकत परत आला तेव्हा त्याला स्वतःचा माळ ओळखू येईना. झाडं गेली होती, बांध गेला होता, खोटा किल्ला उभारून पुन्हा पाडला होता आणि सगळीकडे सारखं गवत पेरलं होतं. दगडाला मात्र ओरखडासुद्धा नव्हता. उलट बुडाशी नवं सिमेंट भरून तो पक्का करून दिला होता. त्या एका गोष्टीपुरती पाथरवटाने कंपनीला माफी दिली. बाकी सगळ्यासाठी तो आजही शिव्या घालत असे.

"हा राणीचा दगड." गाईड मंडळींना सांगत होता. गाईड म्हणजे पाथरवटाचा सख्खा भाचा. "सेटवाल्यांनी खास बनवलेला. या, जवळ या. हात लावून बघा."

त्याने कुंपणाचं फाटक सताड उघडलं. एक झगेवाला तर दगडावर पाय देऊन फोटोसाठी उभा राहिला.

"पाय काढ," पाथरवट उतार चढत गरजला. "काढ आधी तो पाय. आणि तू रे? सेटवाल्यांनी बनवला? तुझी मामी आहे ती, लाज वाटते का काही?"

भाच्याने त्याला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मामा, माणसं राणीसाठी येतात. मामीसाठी कोण येणार आहे इतक्या लांब?"

पाथरवटाचा हात उठला. भाचा वेळेवर खाली वाकला म्हणून वाचला. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

"खोटं सांगत नाहीयेत हे काका."

बोलणारी बाई वयाने बरीच मोठी होती, चष्मा लावलेली, बिनझग्याची. तिने फोन पुढे केला. "हा शूटिंगच्या आधीचा फोटो आहे. जागा शोधायला आलेल्या माणसाने काढलेला. किल्ला नाही, काही नाही, पण दगड आहे."

पाथरवटाने पाहिलं. फोटो दगडाला जवळजवळ टेकून काढला होता. पुढ्यात फांदीची कोरीव वळणं आणि मागे डोंगरांची रांग.

"मी जिथे जाते तिथे असे फोटो जुळवते," बाई म्हणाली. "फोटो डोळ्यांसमोर धरायचा आणि सरकत राहायचं. फोटोतली डोंगरांची रेघ समोरच्या रेघेला लागली, की ज्याने फोटो काढला त्याच्याच जागेवर आपण उभे असतो."

"मग जुळव. आत्ता, सगळ्यांसमोर जुळव. एकदाची यांची तोंडं बंद होऊ देत."

ती दगडापाशी गेली, फोन उचलून धरला, डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली. "फोटोत दगडाच्या मागे खिंड आहे. इथून तर ती डोंगराआड जातेय."

"नीट बघ. डोंगर काही कुठे पळून जात नाहीत."

बाई एकेक पाऊल मागे येऊ लागली. डोळे डोंगरावर आणि पाय चाचपडत. ती फाटकातून बाहेर आली तसा पाथरवट गर्दीत घुसला.

"वाट द्या तिला. झगे आवरा. इतकी वर्षं माझ्या बायकोचं थडगं खोटं ठरवता काय? बघा आता डोळे फाडून."

त्याचा आवाज चढला होता, पण त्या रागात आता आनंदही होता. हे आपण एकटेच बोंबलत नाही, दुसरंही कुणी सांगतंय, याचं त्याला केवढं बरं वाटत होतं. भाचा मान खाली घालून उभा होता. बाई उतारावरून खाली खाली चालली होती. गवत संपलं, तिच्या पायांखाली खडी वाजू लागली, तरी तिने फोन डोळ्यांसमोरून काढला नाही. मग ती थांबली.

"जुळलं?" पाथरवटाने वरून हाक मारली. "सांग यांना. मोठ्याने सांग, माझी बायको कुठे आहे ते."

ती बसच्या मागच्या चाकापाशी उभी होती. तिने फोन खाली घेतला, खडीकडे पाहिलं आणि घाईघाईने आपले पाय बाजूला घेतले.