लागेल नंबर

राष्ट्रीय ग्रंथालयाच्या प्रकाशन विभागाचे प्रमुख निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांचं बाड काखोटीला मारून आपल्याच जुन्या खोलीत हजर झाले. वडिलांनी तीस वर्षं नदीकाठी हिंडून नावाड्यांची गाणी उतरवून घेतली होती. आता ना ते नावाडी उरले होते, ना वडील. स्वतः खुर्चीत असताना सरांनी ते बाड छापलं नव्हतं. घरचंच पुस्तक काढलं म्हणून उद्या कोणी बोट दाखवायला नको!

नव्या प्रमुख बाई त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या. त्यांनी चार गाणी वाचली, डोळे पुसले आणि नियमावली पुढे सरकवली. ‘विभागात असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या कोणाच्याही नातेवाइकाचे पुस्तक काढू नये.’

“यातलं ‘पूर्वी असलेल्या’ तुम्हीच घालायला लावलंत, सर. तुमच्या आधीचे साहेब निवृत्तीनंतर मेहुण्याचं प्रवासवर्णन घेऊन आले होते, तेव्हा.”

सरांना आठवलं. त्या दिवशी अख्ख्या विभागाने टाळ्या वाजवल्या होत्या.

घरी आई दारातच उभी होती. तिला हल्ली फारसं दिसत नसे.

“घेतलं का रे त्यांनी?”

“रांगेत आहे, आई. लागेल नंबर.”

आईने चाचपडत त्यांच्या काखेतलं बाड काढून घेतलं, हाताने पुसलं आणि पुन्हा ट्रंकेत ठेवून दिलं.

“ह्यांनाही तू शेवटपर्यंत हेच सांगत होतास.”