मुक्या विणकरणी

"'दोनशे बाया दिवसभर मागांपाशी उभ्या असतात, पण एकीच्याही तोंडून शब्द फुटत नाही. यंत्रानं त्यांना मुकं करून टाकलंय.'" ॲलिसच्या घरी टेबलाशी बसलेल्या मिस लॅथबरींनी वाचन थांबवून चष्म्यावरून पाहिलं. "बरोबर आहे ना, ॲलिस? साप्ताहिकाच्या पुढच्याच अंकात छापून येईल. तुमच्या गिरणीमालकांकडेही जातो तो. वाचू देत त्यांना!"

लंडनहून आलेल्या या लेखिकाबाई मनाच्या चांगल्या होत्या. परवा गिरणीत तासभर उभ्या राहिल्या, कापसाच्या धुळीनं खोकल्या, रडल्यासुद्धा. ॲलिसला त्यांचा राग येईना. पण मुक्या? लँकेशायरच्या विणकरणी आणि मुक्या! मागांच्या खडखडाटात कानाचा उपयोग नाही, म्हणून सगळ्या नुसत्या ओठांनी बोलतात. चार माग पलीकडची बरोबर वाचते. कुणाचं बाळंतपण, कुणाच्या नवऱ्याची दारू, सगळं तिथंच निघतं.

आणि सध्या आणखी एक गोष्ट निघत होती. मालक घड्याळ मागे सारून रोज पाव तास फुकट राबवून घ्यायचा. महिनाअखेरीला सगळे माग एकदम बंद पाडायचं ठरत होतं. फाटकाशी दोघी कुजबुजताना दिसल्या, त्यांचं काम गेलं. ओठांचं बोलणं मात्र मालकाला ठाऊक नव्हतं, आणि नवा मुकादमही परगावचा.

"तंतोतंत लिहिलंय, बाईसाहेब," ॲलिस म्हणाली.

बाईंनी कागद जुळवायला मान खाली घातली. लगेच टेबलापलीकडून ॲलिसच्या नणंदेचे, पेगीचे, ओठ हलले. 'तंतोतंत? अगं, सांग की तिला! उद्या नातवंडं वाचतील, आजी मुकी होती म्हणून.'

'वाचू देत.'

'लाज नाही वाटत तुला?'

'वाटते ना. जीव जळतोय माझा. पण सांगितलं तर ती छापणार, मालक वाचणार. मग आपण बोलायचं कुठं?'

पेगीनं रागारागानं हातातल्या ओटच्या भाकरीचा तुकडा मोडला.

मिस लॅथबरींनी वर पाहिलं. दोघी समोरासमोर, डोळे भरलेले, आणि खोलीत आवाज म्हणून नाही. बाईंना भडभडून आलं. त्यांनी पेन्सिल काढली, खाली एक ओळ वाढवली आणि हळूच वाचून दाखवली.

"'घरी आल्यावरही त्या एकमेकींशी बोलत नाहीत.'"