लेकीला न विचारता

“आजपासून या घरात कुणीही लेकीला फोन करून पासवर्ड विचारणार नाही!” निवृत्त घड्याळजींनी भर दुपारी जाहीर केलं. ऐकायला घरात बायको तेवढी होती, आणि तिने आजवर एकदाही विचारला नव्हता. विचारायचे ते हेच. लेक बँकेत कॉम्प्युटर-सुरक्षेची मोठी साहेब. दर वेळी “बाबा, मीटिंगमध्ये आहे हो,” म्हणून सुस्कारा टाकायची. तो सुस्कारा घड्याळजींना फार लागायचा.

म्हणून लॅपटॉपचा चार्जर जळाला तेव्हा त्यांनी तिला कळवलंच नाही. डोळ्याला भिंग लावून जुन्या चार्जरवरचे मुंगीएवढे आकडे कागदावर उतरवले, पिनेचं माप घेतलं, आणि दुकानदाराने “बसेल हो काका” म्हणत पुढे केलेले तीन चार्जर परत करून चौथा घेतला. मग पासवर्ड सांभाळणारी पाच अ‍ॅप्स तपासली. चार भारीच बडबडी निघाली, ती काढून टाकली. उरलेल्या साध्यासुध्या अ‍ॅपमध्ये घरातले एकूणएक पासवर्ड भरले आणि ते उघडायचा मुख्य पासवर्ड तोंडपाठ केला.

अंगावर मूठभर मांस चढलं होतं. त्याच भरात त्यांनी संध्याकाळी लेकीला फोन लावला आणि सगळं साग्रसंगीत ऐकवलं.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“बाबा,” लेक आवाज खाली आणून म्हणाली, “मी रविवारी येते. माझेही पासवर्ड तसे भरून द्याल का? सगळे अजून डायरीच्या मागच्या पानावर आहेत. आणि आईला सांगू नका हां.”