शेजारच्या खोलीतला आवाज

धाकट्याने कळ दाबली आणि आई एका भल्यामोठ्या सभागृहात जाऊन गाऊ लागली. दुसरी दाबली, तर ती दगडी जिन्यात पोचली. तिसरीने तिला न्हाणीघरात नेलं. त्याने वैतागून हेडफोन मानेवर ओढले आणि आवाज स्पीकरवर टाकला.

"छान आहे रे सगळं," मागच्या खुर्चीतून ताई म्हणाली, "पण ही आपली आई नाही. ही कुणीतरी गायिका आहे."

ताईचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच त्याला झोंबलं. गाण्यांचं मिक्सिंग हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. कोणत्या गळ्याला कोणता प्लगइन, म्हणजे आवाजाचं रूप पालटणारा संगणकातला छोटा प्रोग्रॅम, लावायचा, कुठे घुमारा द्यायचा, कुठे टोचणारी धार काढून टाकायची, यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुसऱ्यांच्या गायकांना त्याने खुर्चीत बसल्या बसल्या डोंगरदऱ्या फिरवून आणल्या होत्या. स्वतःच्या आईला मात्र साध्या स्वयंपाकघरापर्यंत पोचवता येईना.

गाणंही काही मोठं नव्हतं. भांडी घासताना आई गुणगुणायची ती एक चाल, शब्द तिनेच जुळवलेले आणि रोज थोडे बदलणारे. ती जायच्या आदल्या वर्षी त्याने हट्टाने तिला स्टुडिओत आणलं होतं. जाड अस्तराच्या भिंतींच्या छोट्या खोलीत, माइकसमोर उभं केलं होतं. ताई काचेच्या अलीकडे बसली होती. आईने शहाण्या मुलीसारखं गाणं म्हटलं आणि संपल्यासंपल्या, माइक चालू आहे याचं भान न ठेवता, काचेकडे बघून हाक मारली, "ठमे, गॅस बंद केलास ना गं?" ठमी म्हणजे ताई. तेव्हा हसून हसून तिघांचीही पुरेवाट झाली होती. ते वाक्य कापायचं त्याच्या अजून जिवावर येत होतं.

आवाज लख्ख आला होता. इतका लख्ख, की त्याच्या आजूबाजूला काहीच नव्हतं. आई अशी कधी ऐकूच आली नव्हती. ती नेहमी शेजारच्या खोलीतून ऐकू यायची, अर्धवट लोटलेल्या दाराआडून. त्याला तेवढंच हवं होतं. डोळे मिटावेत आणि आई पलीकडे आहे असं एकदा वाटावं. त्यासाठी त्याचा जीव तुटत होता आणि त्यासाठी तो महिनोन्‌महिने एकेक प्लगइन लावून बघत होता.

"थांब, आता हुकमाचा एक्का काढतो," तो म्हणाला.

या शेवटच्या प्लगइनची गंमत अशी, की त्याला एखाद्या जागेतली टाळी ऐकवली की तो ती जागा शिकतो. मग कुठलाही आवाज तिथेच काढल्यासारखा वाजतो. जुन्या घराच्या किल्ल्या परत करायच्या दिवशी धाकट्याने प्रत्येक खोलीत उभं राहून टाळी वाजवली होती आणि ती रेकॉर्ड केली होती. त्यातली स्वयंपाकघराची टाळी त्याने आता लावली.

आई गाऊ लागली. शब्दामागून शब्द भिंतींवर आपटून परत येत होते. ताईने अंगाभोवती ओढणी घट्ट लपेटून घेतली.

"बंद कर ते," ती म्हणाली. "टाळ्या कधी वाजवल्यास तू?"

"घराच्या किल्ल्या देताना."

"म्हणजे सामान हलवल्यावर."

"मग? सामान असताना स्वच्छ रेकॉर्डिंग कसं होणार?"

"अरे वेड्या, आपलं घर कधी घुमायचं का? ते कपाट, गाद्यांची चळत, दोरीवरचे कपडे, त्यात आपण दोघं. पाय ठेवायला जागा नसायची. हे तर रिकामं घर वाजतंय."

धाकट्याने आवाज बंद केला. धंद्याची खोड नडली होती. नको तो आवाज येऊ नये म्हणून त्याने नेमकं घरच बाहेर काढलं होतं आणि मग टाळी वाजवली होती. आता ते घरही हाताशी नव्हतं.

त्याने विचारलं, "ते कपाट कुठे आहे गं?"

"माझ्याकडे. गाद्याही माझ्याकडेच. मागच्या खोलीत शिरायची सोय नाही."

रविवारी सकाळी तो स्पीकर आणि माइक घेऊन ताईकडे गेला. मागच्या खोलीत कपाट आणि गाद्यांच्या मधे जेमतेम स्पीकर मावला. त्याने दार अर्धं लोटलं आणि बाहेरच्या खोलीत माइक लावून बसला. प्लगइन एकही नाही. स्पीकरमधून येईल तो आवाज त्या पसाऱ्यातून वाट काढत दाराबाहेर येईल, तो पुन्हा रेकॉर्ड करायचा, एवढाच बेत होता.

"गाणं संपेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही," त्याने स्वयंपाकघरात जाऊन ताईला बजावलं. "टाचणी पडली तरी माइकमध्ये येते."

"चमचासुद्धा हलवणार नाही. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

त्याने रेकॉर्डिंग सुरू केलं आणि डोळे मिटले.

आई गाऊ लागली. आवाज जरासा दबलेला होता, कपड्यांच्या घड्यांत थोडा हरवलेला. दोन-तीन शब्द तर कळलेच नाहीत. ते कधीच कळायचे नाहीत. नाक ओढलं तर माइकमध्ये येईल म्हणून त्याने डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू दिलं.

गाणं संपलं. दाराआडून हाक आली, "ठमे, गॅस बंद केलास ना गं?"

"केला गं आई, मघाशीच!" ताई स्वयंपाकघरातून ओरडली.