हलका क्लच

लकव्याने मगनचा डावा पाय लुळा पडला, त्याला वर्ष होत आलं होतं. आणि आज तोच मगन शहाद्याच्या शोरूममध्ये आंब्याच्या बागेतलं गवत कापायला छोटा ट्रॅक्टर निवडत होता. मागे त्याची बायको सिंधुबाई उभी होती. ब्राह्मणपुरीची त्यांची बाग थेट नाल्यापर्यंत उतरत जाते. तिथे ऐन वेळी डाव्या पायाने क्लच दाबला गेला नाही, तर ट्रॅक्टर माणसासकट नाल्यात जायचा.

मगन काठी टेकत एकेक ट्रॅक्टर न्याहाळत होता.

"सीट पुढे सरकस का?" त्याने विचारलं. "क्लच हलका शे ना? आनि चढाले पायरी जराशी खाले पाहिजे."

"सगळं शे, भाऊ," विक्रेता म्हणाला.

मगनच्या एकेका प्रश्नाने सिंधुबाईची भीती वाढत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "गवत वाढनं तर वाढू द्या," ती हळूच म्हणाली. "पन तुमी ह्यावर बसू नका. मन्हं ऐका."

एका लाल ट्रॅक्टरपाशी थांबून मगनने सीट पार स्टीअरिंगपर्यंत पुढे ओढली, रुमालाने पुसली आणि बाजूला झाला.

"चढ," तो म्हणाला.

सिंधुबाईने स्वतःकडेच बोट दाखवलं.

"मी कसाले बसू?" मगन म्हणाला. "आते तुलेच चालाडनं शे. देख, तुन्हा पाय पुरतस का."