आठवीचं इंग्रजी

“हात सैल सोडा, बाई. ताठ धरला की बांगडी अडती,” दस्तगीर मणेर म्हणाला आणि हेडमास्तरांच्या बायकोच्या अंगठ्याचं मूळ दाबून त्याने पहिली हिरवी बांगडी मनगटात उतरवली. वटपौर्णिमा उद्यावर आली होती. जुन्नरच्या पेठेतली बरीच घरं अजून व्हायची होती.

हेडमास्तर ओसरीवरच झोपाळ्यावर बसले होते. दस्तगीरने मान वर न करता विचारलं, “मास्तर, आमच्या साबेराचं काय केलंत? आठवीचा वर्ग सुरू झाला म्हणत्यात.”

“अरे, आठवीपासून इंग्रजी. तुमच्या घरात सगळं बोलणं मुसलमानी. पोरीला मराठीचंच ओझं, त्यावर इंग्रजी कुठं लादतोस? जागाही थोड्या आहेत. तिला बांगड्या भरायला शिकव.”

“सातवी मराठीतच पास झाली ती.”

“पास होणं वेगळं. भाषा घरात असावी लागते.”

“मग तुमी घरात इंग्रजी बोलता का?”

बाईंना हसू आवरेना. मोकळ्या हाताने त्यांनी पदर तोंडाला लावला. झोपाळा थांबला.

“जीभ फार चालायला लागली तुझी, दस्तगीर.”

दस्तगीरने पुढची बांगडी उचलली. ती न भरता हातातच धरली.

“साबेराच्या आईला पुण्याच्या दवाखान्यात नेली व्हती. दोन डाक्टर तिच्या खाटंपाशी उभं राहून इंग्रजीत बोललं. मी आपला हसून मान हलवत व्हतो. मला वाटलं, चांदबी बरी हुतीया. ते म्हणत व्हते, ही रात काढत न्हाई. ती गेल्यावर नर्सबाईनं सांगितलं. पोरगी तितंच उभी व्हती, मास्तर. तवापास्नं तिचा एकच धोसरा. मला इंग्रजी शिकायचंय.”

हेडमास्तर खाकरले. “वाईट झालं. पण शाळा काही दुःखावर चालत नाही.”

झोपाळा पुन्हा कुरकुरू लागला.

दस्तगीरने बाईंचे दोन्ही हात भरले. बांगडी एकही कमी केली नाही, की मनगटाला ओरखडा येऊ दिला नाही.

बांगड्या भरून झाल्या की सवाशिणीने मणेराला वाकून नमस्कार करायचा आणि त्याने अखंड सौभाग्याचा आशीर्वाद द्यायचा, ही पेठेची रीत. बाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि वाकल्या. दस्तगीरचा हात उठला, तो मध्येच थांबला. त्याने हेडमास्तरांकडे पाहिलं.

“कंच्या भाषंत देऊ, मास्तर?”

हेडमास्तरांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला. बाई वाकूनच राहिल्या.